चार तुकड्यांचं मुखपृष्ठ

यवू मोरोतीच्या इस्पितळात ग्रंथालय आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते तिथं पंख्याखाली बसायला येतात. खोली धुलाईघराला लागून आहे. भिंतीपलीकडं चादरी घुसळणारं यंत्र सुरू झालं की अलीकडच्या फडताळातली पुस्तकं हलकेच थरथरतात. या दोन खोल्यांमधलं अंतर सात पावलांचं. एर्मेलिंदा ओवेलारला ते चालायला तेरा वर्षं लागली.

ती एकोणिसाव्या वर्षी इस्पितळात आली ती चादरी धुवायला. बाप कापसाच्या रानात राबणारा, घरात बोलणं सगळं ग्वारानी बोलीत, शाळा सहावीपर्यंत, आणि स्पॅनिश जेमतेम फळ्यावरची. डॉक्टरांचे कोट धुलाईला येत तेव्हा खिशांत कागद राहिलेले असत. दुसऱ्या बायका ते कोटाबरोबरच पाण्यात ढकलत. एर्मेलिंदा ते काढून दोरीवर चिमट्यानं वाळत घाली. वाळले की हातात घेऊन बघे. कुणाचा हा? कधीचा? कशासाठी लिहिला? एवढं कळल्याशिवाय कागद परत कुणाला द्यायचा? तीन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता ती वाचायला शिकली, खरं वाचायला. डॉक्टर मंडळी म्हणू लागली, धुलाईतल्या त्या पोरीकडं जा, हरवलेलं सगळं तिच्याकडं असतं. तेरा वर्षांनी एका जुन्या संचालकानं तिच्या हातात ग्रंथालयाची किल्ली दिली. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. सगळे तिला न्या एर्मे म्हणतात, थोरल्या बाईला म्हणायचं तसं.

तिच्या टेबलामागच्या भिंतीला एक पितळी मानपट्टी आहे. अकरा वर्षांपूर्वी राजधानीतल्या आरोग्याच्या ग्रंथभांडारानं इंटरनेटवर कागदपत्रं गोळा करायला घेतली, तेव्हा आडगावच्या सगळ्या ग्रंथालयांत सर्वांत जास्त कागद तिनं चढवले, त्याबद्दल मिळालेली. चारशे बारा. रोज पट्टी पुसल्याशिवाय ती खुर्चीत बसत नसे.

यंदा हिवाळा सरता सरता संचालक रेस्किन स्वतः खोलीत आले. ते सहसा येत नसत.

"न्या एर्मे, वरून पत्र आलंय. सगळ्या डॉक्टर-नर्सना एआय शिकवायचं. दोन दिवस."

"मग शिकवा की."

"मी? मला ओपीडी आहे. तुम्ही शिकवा."

"ते यंत्र आत कसं चालतं हे मला ठाऊक नाही, डॉक्टर."

"इथं कुणालाच ठाऊक नाही. तुमच्याकडं निदान खुर्च्या आहेत."

ती चिडली, पण तीन आठवडे बसून तिनं तयारी केली. यंत्राशी रोज बोलली. त्याला ताप विचारला, खोकला विचारला, डेंगी विचारला. ते गोड बोलायचं, अडखळायचं नाही, आणि ठाऊक नसलेलंही त्याच सुरात सांगायचं. तिला ते कोटाच्या खिशातून निघालेल्या कागदासारखंच वाटलं. मग शिकवायचं काय हे तिला कळलं. तिच्याजवळ जे होतं तेच: कुणाचा, कधीचा, कशासाठी. पहिल्या दिवशी यंत्राला प्रश्न नीट कसा विचारायचा आणि उत्तर कुठून आणलं हे त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी ते जिथून आणलं तो कागद समोर ठेवून त्यालाच तीन प्रश्न कसे विचारायचे.

पहिल्या दिवशी एकतीस जणांनी सह्या केल्या. सह्या झाल्यावर नऊ जण खुर्च्यांत उरले. पुढच्या रांगेत कॅज्युअल्टीची मुख्य नर्स सुनिल्दा बसली होती. हात चपळ, जीभ त्याहून चपळ.

"न्या एर्मे, एक विचारू? सर्टिफिकेटवरचा शिक्का गोल असणार की चौकोनी?"

"त्याचं काय?"

"गेल्या वेळी पोषण आहाराचा चौकोनी होता. बढतीच्या वेळी गुणच धरले नाहीत. उगा तीन दिवस भोपळ्याचं महत्त्व ऐकत बसले मी."

सगळे हसले. एर्मेलिंदानं खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाली, गोल असेल. मग शिकवलं. दोन तास घसा कोरडा होईपर्यंत बोलली. शेवटी सुनिल्दानंच सार काढलं, "म्हणजे त्याला दटावून विचारायचं, कुठून आणलंस हे? आणि त्यानं जागा दाखवली की आपण उघडून बघायचं, खरंच तिथं आहे का."

"हो. आणि ते तिथं असलं तरी..."

पण तेवढ्यात कुणीतरी थंडगार तेरेरेचा, थंड पाण्यात भिजवलेल्या पानांच्या चहाचा, जग आणला, चहाच्या वेळी आपल्याकडं कोण थांबतं, आणि खुर्च्या सरकल्या. असू दे, उरलेलं गुरुवारी, असं तिनं ठरवलं. गुरुवारी आपल्या संघाची मॅच होती. ग्रंथालयात एर्मेलिंदा होती, एकवीस रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि भिंतीपलीकडून धुलाईवाल्यांचा रेडिओ गोल झाल्यावर ओरडत होता. सर्टिफिकेटं मात्र सगळ्यांना मिळाली. रेस्किननी एकतीसच्या एकतीसवर सही केली. शिक्का गोल होता.

नोव्हेंबर लागला. लाल मातीत मांडिओकाच्या, साबुदाण्याच्या कंदाच्या, ओळींत तण माजलं, माणसं पोराबाळांसकट निंदायला वाकली, आणि दरसालाप्रमाणं यरारा साप निघाले. त्या आठवड्यात कॅज्युअल्टीत दोन माणसं आली, दोन्ही मोठी, दोन्ही बरी झाली. एर्मेलिंदा तिथं गेली ती पुस्तक मागायला. एका डॉक्टरानं भाजण्यावरचं पुस्तक फेब्रुवारीत नेलं होतं. जाता जाता तिची नजर औषधांच्या कपाटावर गेली. तिथं नवा कोरा तक्ता चिकटवलेला होता, लॅमिनेट केलेला, वर हिरव्या अक्षरांत 'यरारा चावल्यास'. मोठ्या माणसाला विषावरच्या लसीच्या सहा कुप्या. खाली: बारा वर्षांखालील मुलांना निम्मी मात्रा, तीन कुप्या. आणि सगळ्यात खाली, बारीक पण ठळक: आधार, यवू मोरोती इस्पितळाची मार्गदर्शिका, पान अकरा.

"कसा झालाय?" सुनिल्दा मागून म्हणाली. तिच्या आवाजात शाळेतल्या पोरीचा आनंद होता. "तुमच्यामुळं हां. यंत्राला विचारलं, त्यानं सांगितलं. मी दटावलं, कुठून आणलंस? तर म्हणतं, तुमच्याच इस्पितळाच्या कागदातून! उघडून पाहिलं. पान अकरा, तसंच्या तसं. मी तर उडालेच. आपलं नाव जगात पोचलंय आणि आपल्यालाच पत्ता नाही."

"मुलांना तीन?"

"लहान जीव, लहान मात्रा. तापाचं औषध नाही का कमी देत?"

ग्रंथालयात परत येऊन एर्मेलिंदानं राष्ट्रीय मार्गदर्शिका काढली, गेल्या वर्षीची, जी या इमारतीत तिच्याखेरीज कुणी उघडली नव्हती. तिथं सरळ लिहिलं होतं: मुलांना मोठ्यांइतकीच लस. साप पोर बघून विष हातचं राखून सोडत नाही, आणि लस विषाला मारायची असते. उलट जीव लहान, तितका धोका मोठा.

मग तिनं संगणकावर ती दुसरी मार्गदर्शिका उघडली. पहिलं पान नव्हतंच. कागद तिसऱ्या पानापासून सुरू होत होता. वर्ष नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. ती अकराव्या पानापर्यंत गेली आणि तिचे हात थांबले. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, स्कॅनच्या करड्या उजेडात, एक अंगठा आला होता. नखाशेजारी कापल्याचा आडवा व्रण. साबणाच्या डब्याच्या पत्र्यानं एकोणिसाव्या वर्षी कापलं होतं ते.

तिनं आपला अंगठा पडद्याशेजारी धरला. मानपट्टीवरच्या चारशे बारांपैकी हा एक.

आणि पहिलं पान कुठं गेलं हेही तिला लख्ख आठवलं. कागद चढवले त्या वर्षी नवा संचालक आला होता, रेस्किनच्या आधीचा. आल्या आल्या त्यानं हुकूम काढला: आधीच्या संचालकाचं नाव, त्याचा फोटो, त्याचं घोषवाक्य ज्या ज्या कागदावर असेल ते दिसता कामा नये. आपल्याकडं माणूस बदलला की भिंतींचा रंग बदलतो, फाटकावरची पाटी बदलते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एर्मेलिंदालाही वाटलं नव्हतं. घोषवाक्य असायचं मुखपृष्ठावर. तिनं सगळी मुखपृष्ठं फाडली आणि उरलेलं स्कॅन करून चढवलं. नावाबरोबर वर्षही गेलं, लिहिणारा गेला, कारण गेलं. आयुष्यभर ज्या तीन प्रश्नांवर ती उभी होती, त्या तिन्हींची उत्तरं तिनं स्वतःच्या हातानं फाडली होती. शिवाय त्याचीच मानपट्टी रोज सकाळी पुसत होती.

रेस्किननी तिचं ऐकून घेतलं, घड्याळाकडं बघत.

"ते पुस्तक राजधानीतलं. ही आपल्या मातीतली मार्गदर्शिका. इथले साप आपल्यालाच ठाऊक, नाही का?"

"ती जुनी आहे, डॉक्टर."

"कशावरून? तारीख दाखवा."

"तारीख मुखपृष्ठावर होती."

"मग मुखपृष्ठ दाखवा." ते थोडे नरमले. "न्या एर्मे, त्या तक्त्याचा फोटो मी वर पाठवलाय. इस्पितळानं एआय कसं आत्मसात केलं त्याचा नमुना म्हणून. त्यांनी कौतुक केलं. आता मी काय कळवू? आमच्या ग्रंथपालबाईंना शंका आहे? तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग?"

एक गोष्ट ती तेव्हा बोलली नाही. तो कागद मी चढवला, हे तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसून राहिलं. मानपट्टीवर तिचं नाव होतं. अख्ख्या ओवेलार घराण्यात पितळेवर कोरलेलं ते एकच नाव. ती उठून आली, आणि वाटेत कॅज्युअल्टीच्या दारातून हिरवी अक्षरं दिसली तेव्हा तिनं मान वळवली. त्याची तिला आजही लाज वाटते.

फाडलेली मुखपृष्ठं तिनं टाकली नव्हती. कागद जाड होता, एक बाजू कोरी. कापसाच्या रानातून आलेलं माणूस कोरा कागद टाकत नाही. तिनं एकेकाचे चार चार तुकडे केले होते आणि पुस्तकांच्या नोंदीच्या आणि पुस्तक नेणाऱ्यांच्या चिठ्ठ्या म्हणून वापरले होते. ग्रंथालयात खण सोळा, चिठ्ठ्या अकरा हजारांवर. ती पहिल्या खणाशी बसली आणि एकेक चिठ्ठी उलटी करू लागली.

चार दिवस ती उलटतच होती. बोटांची टोकं काळी झाली, डोळ्यांत धूळ गेली. चिठ्ठ्यांच्या पाठीमागे अर्ध्या फोटोंतून जुना संचालक हसत होता: कुठं कान, कुठं टाय, कुठं घोषवाक्याचं शेपूट. लोक पंख्याखाली बसायला येत आणि विचारत.

"काय हरवलंय, न्या एर्मे?"

"तारीख."

"कसली?"

"सापाची."

ते एकमेकांकडं बघत आणि डोक्याकडं बोट फिरवत. रोज दुपारी बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती हातातली चिठ्ठी खाली ठेवी. कोण आलं? मोठं की लहान? ती दारातून वाकून बघे. पाय मुरगळलेला म्हातारा दिसला की परत येऊन खणाशी बसे.

तिसऱ्या दिवशी एक तुकडा सापडला: सापाच्या वेटोळ्याचं अर्धं चित्र. मग दुसरा, चित्राचा उरलेला भाग आणि 'मार्गदर्शि' इतकी अक्षरं. चौथ्या दिवशी तिसरा, त्यावर वर्ष: एकोणीसशे शहाण्णव. वर्ष मिळालं होतं, तरी ती उठली नाही. तिसऱ्या तुकड्याच्या काठावर एक वाक्य सुरू होऊन तुटलं होतं: 'लहान मुलांच्या मात्रेबाबत सूचना, ही केवळ...' केवळ काय? चौथा तुकडा कुठंच नव्हता. सोळाही खण संपले. तिनं खण जोरात ढकलून बंद केला, इतका की पलीकडून धुलाईवाल्या बाईनं भिंतीवर थाप मारली.

मग तिला परत न आलेल्या पुस्तकांचा डबा आठवला. तो खणांत मोडत नव्हता. चौथा तुकडा तिथं होता, वरून सातवा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: शुश्रूषा प्रवेशिका, नेणार सुनिल्दा, आणि नऊ वर्षांपूर्वीची सही. तिनं तो उलटा केला.

'...केवळ चालू वर्षापुरती आहे. लसीचा तुटवडा असल्यानं उपलब्ध साठा पुरवून वापरावा. साठा येताच पूर्ण मात्रा सुरू करावी.'

निम्मी मात्रा म्हणजे औषधशास्त्र नव्हतंच. ती एका वर्षाची नड होती. कुणीतरी हतबल होऊन लिहिलेलं, आणि त्याच माणसानं मुखपृष्ठावर हात जोडून सांगितलेलं, की हे कायमचं धरू नका.

रेस्किन त्या दिवशी राजधानीत गेले होते. एर्मेलिंदानं चारही तुकडे खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवले आणि ती कॅज्युअल्टीत गेली.

"सुनिल्दा, हा तक्ता काढ."

"का हो? डॉक्टरांनी..."

"तो कागद मी चढवलेला आहे. मुखपृष्ठ मी फाडलं. त्यावर जे लिहिलं होतं तेही मीच फाडलं. अकराव्या पानावरचा अंगठा बघ. माझा आहे."

सुनिल्दानं पुठ्ठा घेतला, वाचला. पुन्हा वाचला. तिचा चेहरा उतरला, मग तापला.

"तुम्हीच म्हणालात, जागा विचार, उघडून बघ. मी उघडून बघितलं की नाही?"

"बघितलंस."

"मग आणखी काय करायचं होतं मी?"

"ते गुरुवारी सांगणार होते."

"गुरुवारी मॅच होती!"

"ठाऊक आहे मला. रेडिओवर ऐकली."

सुनिल्दानं पुठ्ठा उजेडाकडं धरला, मागून बघितला. खळ ओली होती. चौथ्या तुकड्यामागची सही पुठ्ठ्याआड गेली होती, पण एर्मेलिंदानं ती तोंडी सांगितली, तारखेसकट.

"ते पुस्तक मी परत केलं होतं."

"नाही केलंस."

"केलं होतं, न्या एर्मे."

"परत केलं असतंस तर चिठ्ठी मी फाडून टाकली असती, आणि आज हे वाक्य नसतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुस्तक बुडवल्याचा आनंद होतोय, तो तरी घेऊ दे."

सुनिल्दा हसली नाही. तिनं नखानं तक्त्याचा कोपरा उचकटला. चिकटपट्टी भक्कम लावली होती, सगळं तिनंच मन लावून केलेलं. रंगाचे पोपडे घेऊनच तक्ता निघाला. "डॉक्टर ओरडतील," ती म्हणाली, आणि तक्ता घडी घालून कचऱ्यात कोंबला.

डॉक्टर ओरडले. दोन दिवस. पुठ्ठा पाहून गप्प झाले, पण वर काही कळवलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, एका मालवाहू गाडीतून सात वर्षांची पोरगी आली. मांडिओकाच्या ओळीत यरारावर पाय पडला होता. घोटा फुगून चकचकीत झालेला. नवशिका डॉक्टर कपाटाकडं वळला, तिथं पोपडे गेलेली भिंत होती.

"तक्ता कुठाय? मुलांना तीन ना?"

"सहा," सुनिल्दा म्हणाली. तिनं कुप्या फोडायला घेतल्या होत्या. "मी राजधानीत विषबाधेच्या डॉक्टरांना फोन लावलाय, तुम्ही बोला. पण सहा." पोरगी चार दिवसांनी स्वतःच्या पायानं लंगडत घरी गेली.

एर्मेलिंदानं तिला दारातून पाहिलं. आनंद झाला, पण संतापाचं ओझं काही उतरलं नाही, कारण कागद अजून इंटरनेटवर तिथंच आहे. तिनं ग्रंथभांडाराला लिहिलं, हा कागद काढा. उत्तर आलं: विनंती संचालकांच्या सहीनं, मूळ मुखपृष्ठाच्या प्रतीसह करावी. रेस्किनची सही मिळवायला तीन आठवडे गेले. तिनं चार तुकड्यांचा फोटो जोडला. उत्तर आलं: फाटका कागद ग्राह्य नाही. तिनं पुन्हा लिहिलं. उन्हाळ्याची, म्हणजे जानेवारीची, सुट्टी असल्याचं यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं.

राहिलेला गुरुवार तिनं पुन्हा लावला. प्रत्येक खुर्चीवर मुखपृष्ठ फाडलेला एकेक कागद ठेवला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. सर्टिफिकेटं वाटून झाली होती, त्यामुळं सहा जण आले. सुनिल्दा उशिरा आली आणि टेबलावर एक पुस्तक आदळलं. शुश्रूषा प्रवेशिका, कोपऱ्यांना वाळवी लागलेली.

"घ्या. सापडलं. बहिणीच्या घरी होतं."

एर्मेलिंदानं सवयीनं पहिलं पान उघडलं, वर्ष बघितलं, आणि पुस्तक मिटलं. "आता मी याचं काय करू? नऊ वर्षांत यातलं निम्मं बदललंय."

"घ्या! नाही आणलं तरी बोलणी, आणलं तरी बोलणी."

पितळी मानपट्टी तिनं भिंतीवरून उतरवली आहे. तिच्यावर हल्ली तेरेरेचा जग ठेवतात, म्हणजे टेबलाला ओल लागत नाही. तिच्या जागी पुठ्ठा टांगलाय. आणि दर सोमवारी सकाळी, खुर्चीत बसण्याआधी, ती यंत्राला तोच एक प्रश्न विचारते: यरारा चावलेल्या मुलाला किती कुप्या? ते गोड आवाजात, जराही न अडखळता, आधारासकट उत्तर देतं. ती वहीत तारीख घालते, आणि तारखेपुढं लिहिते: अजून तीनच.